शनीच्या पानावरची चिठ्ठी

१

ताईने चिठ्ठ्या तिसऱ्यांदा मोजल्या आणि तिसऱ्यांदाही त्या तेराच भरल्या.

लपवल्या होत्या बारा. सकाळी स्वतःच्या हातांनी, कपाटाकपाटांतून फिरून, गुडघे बोलायला लागेपर्यंत. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी ती दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांचं मंडळ चालवायची. कधी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक नाव न बघता निवडायचं, कधी एका मिनिटात गोष्ट रचायची, कधी कागदी विमानांची शर्यत. आज पुस्तकांत लपवलेल्या चिठ्ठ्यांवरून खजिन्याचा शोध होता. अकरा मुलांनी दीड तास नुसता उच्छाद मांडला. खाली पेपर वाचत बसलेल्या दोन आजोबांनी वर येऊन तक्रार केली, म्हणजे कार्यक्रम झकास झाला होता.

सापडलेली चिठ्ठी बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकायची, असा नियम होता. बारा चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यात ताईने आकडे घातले होते. तेराव्या चिठ्ठीला आकडा नव्हता. शिसपेन्सिलीने, एकेक अक्षर सावकाश काढून, कोणीतरी लिहिलं होतं:

‘सोमवारी सकाळी मी नसेन. तुझी काही चूक नाही. शोधू नकोस. पुस्तक वेळेवर परत कर.’

 गेल्या वर्षी मंडळातली एक मुलगी अचानक यायची बंद झाली होती. येईल पुढच्या शनिवारी, असं म्हणत ताईने चार शनिवार घालवले. पाचव्या शनिवारी चौकशीला गेली तर घराला कुलूप. पुढे काय झालं ते तिला आजवर कळलं नव्हतं, आणि ते न कळणं काट्यासारखं आत राहून गेलं होतं.

शनिवारचे पाच वाजत आले होते. जिन्यावर अजून मुलांच्या चपलांचा आवाज होता. ताई चिठ्ठी मुठीत धरून धावली.

२

जिन्याच्या तोंडाशीच साहेब आडवे आले. साहेब म्हणजे मुख्य ग्रंथपाल. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा. छत्री नसेल तर ढगाकडेही बघायचा नाही. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

“ही कोणालाही दाखवायची नाही,” ते म्हणाले. “एकाही मुलाला नाही. एका घरात कळलं की अकरा घरांत कळेल, आणि मग सोमवारपासून तुमच्या मंडळाला कुलूप.”

“आणि सोमवारी खरंच एखादं मूल नसलं तर?”

साहेबांनी चिठ्ठी ताईच्या हातात परत दिली. मग खालच्या आवाजात म्हणाले, “उद्या दुपारपर्यंत शोधा. नाहीतर मी स्वतः ही चिठ्ठी घेऊन पोलिसांकडे जातो. मग मंडळ राहो की न राहो.”

ताईने आधी गाठलं वटवटीला. दहा वर्षांची ही मुलगी मंडळात सगळ्यात लहान, आणि तोंडाला विसावा म्हणून नाही. आकडा नसलेली चिठ्ठी कोणाला सापडली, असं विचारायचा अवकाश, तिने छाती पुढे काढली.

“मला! निळ्या जाड पुस्तकात. तो कड्यावाला ग्रह असतो ना, शनी, त्याच्या चित्रावर होती. मला वाटलं, जास्तीची आहे, बक्षीस मिळेल. मिळणारे का?”

“निळं पुस्तक कुठे होतं?”

“राखीव फळीवर.”

“तिथे हात घालायचा नाही, असं सांगितलं होतं ना मी?”

“म्हणून तर घातला,” वटवट म्हणाली.

निळं जाड पुस्तक वाचनालयात एकच होतं, ग्रहताऱ्यांचं. गेले तीन आठवडे ते एकाच मुलीच्या नावावर होतं; शनिवारी परत आलं की कार्यक्रम संपेपर्यंत तिच्यासाठी राखीव फळीवर थांबायचं.

३

तिला सगळे दुर्बीण म्हणत. तेरा वर्षांची, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं मोजकं. आई ती अगदी लहान असतानाच गेलेली. घरात बाबा आणि आत्या. बाबांना ताईने दोन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. आत्या मात्र दर शनिवारी तिला सोडायला यायची आणि कार्यक्रम संपेपर्यंत खाली वाचत बसायची.

आत्ताही आत्या काउंटरवर होती, निळं पुस्तक पुन्हा आठवड्यासाठी नावावर करून घेत. दुर्बीण बाहेरच्या पायरीवर एकटीच बसली होती. ताई शेजारी टेकली.

“आज खेळात मजा नाही आली का गं?”

“आली.”

“मग चेहरा का असा?”

दुर्बिणीने चपलेच्या टोकाने पायरीवरची माती खरवडली. “असाच आहे तो.”

“घरी सगळं ठीक आहे ना?”

“हो.” जरा थांबून ती म्हणाली, “जरा जास्तच ठीक आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे कोणी रागवतच नाही. काल माझ्या हातून बरणी फुटली, तरी नाही.”

ताईला वाटलं, आता चिठ्ठी काढावी आणि सरळ विचारावं. हात पिशवीत गेलाही. पण साहेबांचा शब्द आठवला, आणि त्याहूनही मोठी भीती मनात आली: चिठ्ठी हिचीच असली आणि आपण ती अशी रस्त्यावर उघडी केली, तर ही पोर पुन्हा कधी कोणाला काही लिहील का? तेवढ्यात “चल गं,” म्हणत आत्या आली, ताईकडे बघून हसली, आणि दोघी निघून गेल्या. ताई वळणापर्यंत त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

“ताई, येतो मग.” मागून आवाज आला.

तो कप्तान होता. पंधरा वर्षांचा, मंडळातला सगळ्यात मोठा. खेळात कोणाचाही गट झाला तरी कप्तान हाच.

“ये. पुढच्या शनिवारी भेटू.”

कप्तानने मान खाली घातली. “पुढच्या शनिवारी नाही. सोमवारपासून मी नाहीये इथे.”

४

ताईने त्याचं मनगटच धरलं. “नाहीयेस म्हणजे? कुठे चाललायस?”

“वसतिगृहात. खेळाच्या शाळेत निवड झाली माझी. सोमवारी सकाळची गाडी आहे.” तो गोंधळला होता. “हात दुखतोय, ताई.”

“आणि हे कोणाला सांगितलंस?”

“कोणालाच नाही. मग सगळे निरोप समारंभ करतात, भाषणं करतात. मला नाही आवडत.”

“मग चिठ्ठी वगैरे लिहून ठेवलीस का कोणासाठी?”

“चिठ्ठी?” कप्तान मनापासून हसला. “परीक्षेत निबंध लिहायचा म्हटलं तर माझा हात मोडतो. चिठ्ठी कसली लिहितोय मी!”

ताईने त्याच्या आईला फोन केला. वसतिगृह खरं, गाडीही खरी. म्हणजे सोमवारी सकाळी ‘नसणारा’ सापडला. दुर्बिणीशी त्याची चांगली गट्टी होती. तिच्या पुस्तकात निरोप ठेवणं त्याला शोभलंही असतं. सगळं जमत होतं. तरी घरी पोचल्यावर ताईला स्वस्थ बसवेना. या खोलीतून त्या खोलीत येरझारा चालू झाल्या.

“फरशी झिजेल,” तिची आई म्हणाली. “काय हरवलंय?”

“काही नाही. उलट एक जास्त सापडलंय.”

चिठ्ठी टेबलावर पालथी पडली होती. येता-जाता ताईची नजर तिच्यावर गेली आणि ती थबकली.

वाचनालयात कॉम्प्युटर आल्यापासून जुन्या सूचीची पुठ्ठ्याची कार्डं खणांमध्ये पडून होती. एका बाजूला पुस्तकाचं नाव टाइप केलेलं, दुसरी बाजू कोरी. मंडळासाठी ताई तीच वापरायची. आजच्या बारा चिठ्ठ्या तिने कायद्याच्या खणातली कार्डं अर्धी अर्धी कापून केल्या होत्या. ही चिठ्ठीही तशीच अर्धं कार्ड होती, पण हिच्या मागे टाइप केलेलं होतं: ‘खनिजे व त्यांची ओळख’.

खनिजांचा खण ताईने एकदाच उघडला होता, गेल्या शनिवारी. मुलांना पुस्तकात घालायच्या खूणपट्ट्या करायला एकेक अख्खं कार्ड दिलं होतं तेव्हा. याचा अर्थ ज्याने चिठ्ठी लिहिली, त्याने आपलं कार्ड कापलं असणार. त्याच्याकडे अख्खी खूणपट्टी असणं शक्य नाही!

ताईने तिथल्या तिथे फोन घेतला आणि अकरा घरांचे नंबर फिरवले. “उद्या सकाळी दहाला खूणपट्ट्यांचं प्रदर्शन आहे. हो, अचानकच ठरलं. प्रत्येकाने आपापली आणायचीच.”

५

रविवारी वाचनालय दुपारपर्यंत उघडं असायचं. दहा वाजता गोल टेबलावर खूणपट्ट्या मांडायला सुरुवात झाली. कोणी मांजर काढलं होतं, कोणी रॉकेट, कोणी नुसतेच ठिपके. वटवटीच्या खूणपट्टीवर डिंकाचा एवढा थर होता की ती टेबलालाच चिकटली. कप्तानने आपली टाकली. कोरीच होती, पण अख्खी. ताईचा एक अंदाज तिथेच कोसळला.

शेवटी राहिली दुर्बीण. तिने दप्तरातून निळं पुस्तक काढलं, पण खूणपट्टी ओढताना कचरली.

“पान विसरेन मी. चौऱ्याऐंशी. लक्षात ठेवाल?”

“ठेवते. रोज किती वाचतेस?”

“चार पानं. संध्याकाळी. एक जास्त नाही, एक कमी नाही. आत्या म्हणते, मीच घड्याळ आहे.”

तिचीही खूणपट्टी अख्खी होती.

अकरा मुलं, अकरा खूणपट्ट्या. एकीलाही कात्री लागलेली नव्हती. मुलं एकमेकांची चित्रं बघत गलका करत होती आणि ताई भिंतीला टेकून उभी होती. दुपारला दोन तास उरले होते. साहेब दारातून दोनदा डोकावून गेले होते.

मग तिला गेल्या शनिवारची ती गडबड आठवली. कार्डं तिने मोजून काढली होती. अकरा हवी होती, पण एखादं खराब होईल म्हणून बारा काढली. पण शेवटी टेबलावर एकही उरलं नव्हतं. खराबही कोणी केलं नव्हतं.

बारावं कार्ड कोणी घेतलं?

ती जिन्यात जाऊन उभी राहिली आणि चिठ्ठी पुन्हा वाचली. कालपासून शंभरदा वाचली होती, पण दर वेळी भीतीने. आता ती शब्दांकडे बघत होती. तुझी काही चूक नाही. तुझी, तुमची नव्हे. शोधू नकोस, नका नव्हे. ही चिठ्ठी जगाला उद्देशून नव्हतीच, ती एकाच माणसाला लिहिलेली होती. आणि स्वतःच्या पुस्तकात स्वतःलाच कोण चिठ्ठी ठेवतं? दुर्बिणीने ती लिहिलेली नाही. ती दुर्बिणीला लिहिलेली आहे!

“साहेब,” ताई म्हणाली. साहेब घड्याळ बघत खालून वर येत होते. “पुस्तकात शनीचं चित्र नव्वदाव्या पानावर आहे. मी आत्ताच पाहिलं. काल संध्याकाळी ती चौऱ्याऐंशीपर्यंत पोचली. आज अठ्ठ्याऐंशीपर्यंत पोचेल. नव्वदावं पान ती कधी उघडेल?”

साहेबांनी बोटांवर मोजलं. “उद्या. सोमवारी संध्याकाळी.”

“म्हणजे लिहिणारा निघून गेल्यावर, त्याच दिवशी. चिठ्ठी ठेवणाऱ्याला ठाऊक होतं की ही पोर रोज चार पानं वाचते आणि कुठवर आली आहे. पुस्तक आठवडाभर घरी होतं, शनिवारी दुपारी इथे आलं, म्हणजे चिठ्ठी घरीच आत ठेवली गेली. हे बाहेरच्याचं काम नाही.”

“तिचे बाबा?”

“बाबांना मुलगी कितवीत आहे ते विचारून बघा, मग पुढचं बोलू. आणि पुस्तक वेळेवर परत कर, हे कोण बजावतं? जी व्यक्ती दर शनिवारी ते नेते-आणते ती.”

 ताईने जिन्यातूनच वटवटीला हाक मारली.

“गेल्या शनिवारी शेवटचं कार्ड कोणी मागून घेतलं, आठवतंय?”

“हो! तुम्ही माझ्या केसांतला डिंक काढत होतात ना, तेव्हा दारातून दुर्बिणीच्या आत्याने मागितलं, आणि तुम्ही न बघताच दिलंत. मी कालच सांगितलं असतं, पण मला कोणी विचारलंच नाही.”

वटवटीच्या मागे दुर्बीण येऊन उभी होती. ताईने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, “आत्या कुठे आहे आज?”

“घरी. पडदे धुतेय सगळे.” दुर्बिणीचा आवाज बारीक झाला. “काल माझ्या सगळ्या वह्यांना तिने कव्हरं घातली. आणि प्रत्येक डब्यावर कागद चिकटवलाय, कशात काय आहे त्याचा. कोणाला कळणार नाही म्हणून, म्हणते. पण ती आहे की घरात! मग का नाही कळणार?”

ताईने चपला नीट घातल्या की नाही हे तिला नंतर आठवत नव्हतं.

६

दार उघडंच होतं. आत्या स्टुलावर उभी राहून ओला पडदा दांडीत ओवत होती. धापा टाकणाऱ्या ताईला पाहून तिच्या हातातला पडदा सुटला.

“काय झालं? ती पडली का? लागलं का तिला?”

“ती ठीक आहे. आधी तुम्ही खाली उतरा. उतरा म्हणते ना!”

आत्या उतरली. ताईने चिठ्ठी टेबलावर ठेवली. आत्याने ती पाहिली आणि पदराला हात पुसत खुर्चीवर बसली.

“ही तुमच्याकडे कशी?”

“खेळात सापडली. कालपासून माझ्या जिवात जीव नाही. कसली अडचण आहे, ते मला सांगा. कितीही मोठी असू दे. पण असलं काही मनात आणू नका.”

 आत्याच्या लक्षात आलं, आणि तिने कपाळावर हात मारला.

“अहो, मरायला नाही चालले मी! नोकरीला चालले!”

ताई समोरच्या खुर्चीत बसली. हसावं की रडावं तिला कळेना, आणि दोन्ही एकदमच आलं.

पाण्याचा पेला पुढे करत आत्या बोलू लागली. “मुलींच्या वसतिगृहात देखरेख करायची आहे. साठ मुली. इथून सहा तासांवर. तुमचं मंडळ वर चालायचं आणि मी खाली बसून जाहिराती बघायचे. अर्जही तुमच्या कॉम्प्युटरवरून केला. वहिनी गेली तेव्हा ही तीन वर्षांची होती. वर्षभर राहते म्हणून आले, दहा वर्षं झाली. दादा वाईट नाही हो. पण घरात आत्या आहे म्हटल्यावर त्याने कधी मागे वळून बघितलंच नाही. आता चाळिशी आली माझी. आज नाही तर कधीच नाही.”

“मग सांगून जायचं.”

“कोणाला? दादा म्हणाला असता, पोरीचं काय? ते मी ऐकून घेतलं असतं. पण तिने नुसतं बघितलं असतं ना माझ्याकडे, तर मी थांबले असते. आणि मग आयुष्यभर मनात तिलाच दोष दिला असता. ते नको होतं मला.”

“चालले म्हणजे काय?”

दोघी दचकल्या. दुर्बीण दारात उभी होती. धावत आल्याने चष्मा नाकावर घसरलेला. ती टेबलापाशी आली, चिठ्ठी उचलली, वाचली.

“माझी चूक नाही, तर मला सोडून का चाललीस?”

आत्याने चिठ्ठी तिच्या हातातून काढून घेतली. ताई उठली आणि म्हणाली, “मी बाहेर थांबते. हे कागदावर सांगण्यासारखं नव्हतंच. आता तोंडाने सांगा.”

पायरीवर बसून तिने साहेबांना फोन लावला. कोणी मूल हरवणार नाही, पोलिसांकडे जायची गरज नाही, एवढंच सांगितलं. बाकीचं त्या घरातलं होतं. आतून आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दुर्बीण ओरडली, मग रडली, मग आत्याही. शेवटी आत्याचा एकसारखा, शांत आवाज तेवढा येत राहिला. ताईला वाटलं, आपण कालच पायरीवर हिला चिठ्ठी दाखवली असती, तर अक्षर ओळखून तिने एका क्षणात सांगितलं असतं. दिवसभर आपण मुलीला जपत होतो, आणि तिचीच चिठ्ठी तिच्यापासून लपवत होतो.

७

सोमवारी सकाळी स्टँडकडे जाणाऱ्या बसची वाट बघत थांब्यावर ताई धरून चौघं होती. बाबांना रात्रीच कळलं होतं. आधी ते खूप ओरडले, मग कोणीच उलट बोलेना तेव्हा गप्प झाले, आणि आता शर्टाची बटणं वरखाली लावून आत्याची पिशवी धरून उभे होते. दुर्बीण कालच्या त्या बोलण्यानंतर आत्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

बस आली. आत्या पिशवी घेऊन चढली, खिडकीशी बसली. हात हलवायला तिने हात उचलला आणि तो तसाच राहिला, कारण दुर्बीण तिच्याकडे बघतच नव्हती. वाहकाने घंटी दिली. बस हलली, आणि त्याच क्षणी दुर्बीण धावली, दांडा पकडून आत चढली आणि आत्याच्या शेजारी जाऊन बसली.

“अगं!” बाबा ओरडले. “अहो, ती कुठे चालली?”

“पुढच्या थांब्यावर उतरेल,” ताई म्हणाली. “चला.”

पुढच्या थांब्यावर ती नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. बाबा आता जवळजवळ पळत होते, आणि ताई त्यांच्या मागे. चौथ्या थांब्यावर लोखंडी बाकावर दुर्बीण बसलेली दिसली. चष्मा हातात, डोळे सुजलेले.

बाबा समोर येऊन उभे राहिले. ओरडतील असं ताईला वाटलं. पण ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. 

“काय म्हणाली?” त्यांनी विचारलं.

“सुट्टीत मला तिकडे नेणार आहे. आणि दर रविवारी फोन करणार.” दुर्बिणीने नाक पुसलं. “मी म्हटलं, बघू.”

बाबांनी मान हलवली. मग घसा साफ करून म्हणाले, “तुझी शाळा किती वाजता असते?”

“पावणेआठला.”

त्यांनी घड्याळात पाहिलं. सव्वाआठ झाले होते. “मग उशीर झाला.”

“हो.”

“चल, मी सोडतो.” ते उठले, दोन पावलं गेले आणि थांबले. कोणत्या बाजूला वळायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. “रस्ता दाखव,” ते म्हणाले.

दुर्बिणीने चष्मा घातला आणि पुढे चालू लागली. कोपऱ्यावर पोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं, आणि बाबा येईपर्यंत थांबली.